डोक्यावरचं पोतं: सुलेमानिया, ४ जुलै २००३

२००३ मध्ये उत्तर इराकमध्ये अमेरिकन सैनिकांनी तुर्की सैनिकांना पकडून त्यांच्या डोक्यावर पोती घातली, तुर्की लोक त्या सगळ्या प्रकरणाला ‘चुवाल ओलायी’ म्हणतात. चुवाल म्हणजे पोतं, आपण ज्यात ज्वारी भरतो तसलं, आणि ओलायी म्हणजे घटना. इंग्रजी बातम्यांमध्ये त्याला जरा बरं नाव मिळालं, पण तुर्कस्तानात ते पोतंच राहिलं, आणि त्या एका शब्दामुळे पुढे एक अख्खा पिक्चर निघाला, ‘कुर्तलार वादिसी: इराक’, तुर्कस्तानात तोवर निघालेला सगळ्यात महागडा पिक्चर. मी आधी पिक्चर बघितला, सबटायटल लावून, आणि मग खरं काय झालं ते वाचायला घेतलं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. कारण गोष्ट घडली कुर्दांच्या शहरात, भांडण होतं कुर्दांच्या भविष्यावरून, आणि पिक्चर संपेपर्यंत कुर्द माणूस जवळजवळ गायब झालेला असतो. हे कसं झालं, तेवढंच इथे नीट मांडायचंय.

आधी घटना. ४ जुलै २००३, शुक्रवार. बगदाद पडून तीन महिने पण झाले नव्हते. उत्तर इराकमधल्या सुलेमानिया शहरात तुर्की स्पेशल फोर्सेसचं एक ऑफिस होतं, आणि ते काही लपूनछपून नव्हतं, शहरात सगळ्यांना माहिती होतं. त्या दिवशी अमेरिकेच्या १७३ व्या एअरबोर्न ब्रिगेडचे शंभरेक सैनिक तिथे घुसले. आत एका मेजरसकट ११ तुर्की सैनिक होते, शिवाय तिथे असलेली आणखी काही माणसं, सगळे मिळून चोवीसेक जण. त्यांचे हात बांधले, डोक्यावरून ती कापडी पोती ओढली आणि त्यांना किरकुकमार्गे बगदादला नेलं. साधारण ६० तास ते कोठडीत होते. आता हे लक्षात घ्या की तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे, म्हणजे हे शत्रू नव्हेत, पन्नास वर्षांचे दोस्त, एकाच आघाडीतले, आणि डोक्यावर पोतं घालायची पद्धत त्या काळात अमेरिकन सैन्य इराकमध्ये पकडलेल्या बंडखोरांसाठी वापरत होतं. तीच यांना लावली.

आरोप काय होता? की ही माणसं किरकुकच्या कुर्द गव्हर्नरला मारायचा कट रचत होती. तुर्कस्तानने साफ नाकारलं. पंतप्रधान एर्दोआन, जे मार्चमध्येच त्या खुर्चीवर बसले होते, ते थेट अमेरिकेचे उपाध्यक्ष चेनी यांच्याशी बोलले. हाबूरचं बॉर्डर गेट काही काळ बंद केलं गेलं. लष्करप्रमुख हिल्मी ओझकोक म्हणाले की दोन्ही सैन्यांमधलं हे आजवरचं सगळ्यात मोठं विश्वासाचं संकट आहे. मग दोन्हीकडच्या जनरलांची एक संयुक्त समिती बसली आणि जुलैच्या मध्यावर एक निवेदन आलं, त्यात खेद होता, माफी नव्हती, आणि कटाचा पुरावा म्हणून लोकांसमोर काहीच ठेवलं गेलं नाही. त्याच दिवसांत एका पत्रकाराने एर्दोआनना विचारलं की अमेरिकेला नोटा देणार का, म्हणजे राजनैतिक निषेधपत्र, तर ते म्हणाले कसली नोटा, संगीताची नोटा का? तुर्कीत दोन्हीला एकच शब्द आहे. हे वाक्य लोकांना फार लागलं, अजूनही विरोधक ते काढतात.

आता मागे जाऊ, कारण ४ जुलैची मुळं १ मार्चमध्ये आहेत. अमेरिकेला इराकवर उत्तरेकडून पण सैन्य घुसवायचं होतं, तुर्कस्तानातून, ६२ हजार सैनिक. तुर्की संसदेत ठराव आला. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. म्हणजे हो म्हणणारे जास्त! पण नियम असा की हजर असलेल्या ५३३ जणांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, म्हणजे २६७, आणि तीन मतं कमी पडली. ठराव पडला. चौथ्या इन्फंट्री डिव्हिजनचं सामान घेऊन जहाजं भूमध्य समुद्रात वाट बघत उभी होती, ती सगळी वळसा घालून कुवेतला न्यावी लागली. तीन मतांनी एका युद्धाचा नकाशा बदलला, आणि याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला तर कुर्दांना. कारण आता उत्तरेत अमेरिकेला जमिनीवर दुसरा कुणी साथीदारच उरला नाही. २६ मार्चला १७३ व्या ब्रिगेडचे जवळपास हजार सैनिक पॅराशूटने हरीरजवळच्या बाशूर धावपट्टीवर उतरले, तेव्हा ती धावपट्टी पेशमर्गांच्या, म्हणजे कुर्द लढवय्यांच्या ताब्यात होती. आणि तीनेक महिन्यांनी पोती घेऊन गेली ती हीच ब्रिगेड.

सीआयए तर आधीच येऊन बसली होती. जुलै २००२ मध्येच त्यांची एक छोटी टीम तुर्कस्तानमार्गे तिथे पोचली होती, हलब्जाच्या वरच्या डोंगरात अन्सार अल-इस्लाम नावाचा गट होता त्याचा माग काढायला, आणि सद्दामच्या सैन्यात माणसं जोडायला. टीमचा प्रमुख चार्ल्स फॅडिस याने नोकरी सोडल्यावर हे सगळं लिहिलंय. त्यातून कळतं की त्यांचा डोंगरातला त्रास वेगळा आणि तुर्की सीमेवरचा वेगळा, कारण ये-जा आणि सामान तुर्कस्तानातूनच यायचं आणि तुर्की सैन्याला अमेरिकन हेर आणि कुर्द यांची ही जवळीक अजिबात नको होती. दोस्तच दोस्तावर नजर ठेवून. २८ मार्च २००३ ला अन्सारवर हल्ला झाला तो काही हजार पेशमर्गा आणि मूठभर अमेरिकन स्पेशल फोर्सेस यांनी मिळून केला.

तुर्कस्तान तिथे नवीन नव्हता हे पण सांगायला हवं, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. १९९० च्या दशकात कुर्दांचे दोन मोठे पक्ष, मसूद बारझानींचा केडीपी आणि जलाल तालाबानींचा पीयूके, आपसात लढत होते, तेव्हा १९९६ मध्ये अंकारात समझोता झाला, युद्धबंदीवर लक्ष ठेवायला एक पथक आलं, तुर्की अधिकारी तेव्हापासून तिथे होते. दुसरं कारण पीकेके, तुर्कस्तानातल्या कुर्दांची सशस्त्र संघटना, जिच्याशी तुर्कस्तानचं १९८४ पासून युद्ध चालू आणि जिचे तळ इराकच्या डोंगरात. म्हणजे त्यांचं तिथे असणं कुर्द नेत्यांना माहिती होतं आणि एकेकाळी चालतही होतं. तालाबानी आणि बारझानी दोघेही तर अनेक वर्षं तुर्कस्तानने दिलेल्या डिप्लोमॅटिक पासपोर्टवर जगभर फिरत होते, ओझाल राष्ट्राध्यक्ष असताना दिलेल्या. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. शत्रू-मित्र असे सरळ रकाने तिथे नाहीतच.

मग भांडण कशावर? किरकुकवर. तेल आहे, कुर्द आहेत, तुर्कमेन, म्हणजे तुर्कांशी भाषेचं नातं असलेले लोक आहेत, अरब आहेत, आणि सद्दामने दशकानुदशकं कुर्द-तुर्कमेन कुटुंबांना हुसकून तिथे अरब वसवले होते. १० एप्रिलला पेशमर्गा शहरात शिरले. तुर्कस्तानला भीती ही की किरकुकचं तेल कुर्दांच्या हातात गेलं की स्वतंत्र कुर्दिस्तान उभा राहायला पैसा मिळाला, आणि मग आपल्या दक्षिण-पूर्वेतल्या कुर्दांचं काय. म्हणून त्यांना तुर्कमेन पक्षांना बळ द्यायचं होतं. एप्रिलच्या शेवटी किरकुकजवळ साध्या कपड्यातले डझनभर तुर्की स्पेशल फोर्सेसवाले अमेरिकन सैनिकांनी पकडले, मदतसामग्रीच्या ताफ्यामागून येत होते आणि गाडीत हत्यारं सापडली. त्यांना गुपचूप, मानाने सीमेवर सोडून दिलं. ही पहिली वेळ. २८ मे ला किरकुकच्या नव्या कौन्सिलने अब्दुलरहमान मुस्तफा या कुर्द वकिलाला गव्हर्नर निवडलं. आणि मग ४ जुलै. ही दुसरी वेळ, आणि या वेळी पोती.

म्हणजे बघा, हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत माहितीचं आहे. किरकुकमध्ये काय चाललंय हे कोण कोणाला सांगणार. अमेरिकनांना अरबी धड येत नाही, कुर्दी तर नाहीच, रस्ते, टोळ्या, घराणी काही माहिती नाही, त्यांचे डोळे-कान कुर्द पक्षांच्या गुप्तहेर खात्यांचे होते. पीयूकेचं झान्यारी, केडीपीचं पारास्तिन. झान्यारीचा अर्थच मुळी माहिती. तुर्की पेपरांनी लगेच बोट दाखवलं की खबर यांनीच दिली असणार. अमेरिकनांना माहितीसाठी कुर्दांवर अवलंबून राहावं लागत होतं आणि तुर्कस्तानला तेच सहन होत नव्हतं, ४ जुलैचा खरा गाभा हा.

आणि कुर्दांनी स्वतःची खाती का उभी केली, त्याला पण इतिहास आहे. १९७२ ते ७५ मध्ये अमेरिका आणि इराणचा शाह यांनी मिळून मुल्ला मुस्तफा बारझानींना सद्दामविरुद्ध पैसे आणि हत्यारं पुरवली, अमेरिकेचा वाटा १६ दशलक्ष डॉलरचा. ६ मार्च १९७५ ला शाह आणि सद्दाम यांचा अल्जिअर्समध्ये करार झाला आणि मदत रातोरात बंद. हजारो लोक सीमेकडे पळाले. पुढच्या वर्षी अमेरिकन संसदेच्या पाइक समितीचा अहवाल फुटला त्यात एका बड्या अधिकाऱ्याचं उत्तर आहे, की गुप्त कारवाई म्हणजे मिशनरी काम नव्हे. ते तेव्हाचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचं म्हणून ओळखलं जातं. मग १९९६, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सद्दामचं सैन्य एर्बिलमध्ये शिरलं, तेही मुल्ला मुस्तफांचे चिरंजीव मसूद बारझानींच्याच बोलावण्यावरून, तालाबानींना हरवायला, आणि सीआयएसोबत काम करणाऱ्यांपैकी जे सापडले त्यांना ठार मारलं, उरलेल्या साडेसहा हजारांना विमानाने गुआम बेटावर नेलं. म्हणजे या भागातल्या माणसासाठी हेरगिरी हा थ्रिल नाही. कुणाबरोबर चहा प्यायला यावर घर उद्ध्वस्त होतं.

आता पिक्चर. ‘कुर्तलार वादिसी’, लांडग्यांची दरी, ही २००३ मध्ये सुरू झालेली टीव्ही मालिका, पोलात अलेमदार नावाचा हेर माफियात शिरतो अशी, लोक अक्षरशः वेडे होते तिच्यासाठी. त्यावरून फेब्रुवारी २००६ मध्ये ‘कुर्तलार वादिसी: इराक’ आला. खर्च दहा दशलक्ष डॉलर, तुर्कस्तानात चाळीस लाखांच्या वर लोकांनी थिएटरमध्ये बघितला. दिग्दर्शक सेर्दार आकार, पोलातच्या भूमिकेत नेजाती शाश्माझ, आणि खलनायक सॅम मार्शल म्हणून हॉलिवूडचा बिली झेन. प्रीमियरला एर्दोआन यांच्या पत्नी गेल्या होत्या, संसदेच्या अध्यक्षांनी तोंडभरून कौतुक केलं. जर्मनीत मोठी थिएटर कंपनी तो उतरवून मोकळी झाली, आणि तिथल्या अमेरिकन सैनिकांना सांगितलं गेलं की हा चालू असलेल्या थिएटरच्या आसपास जाऊ नका.

सुरुवात होते ती सुलेमानियाच्या छाप्याने. पोतं घातलं गेलेला एक तुर्की अधिकारी पोलातला पत्र लिहितो आणि स्वतःला गोळी घालतो. हा अधिकारी आणि ही आत्महत्या, दोन्ही लेखकाने रचलेलं आहे, पण पिक्चर बघताना ते इतकं खरं वाटतं की अनेकांच्या मनात तोच इतिहास बसलाय. मग पोलात दोन-तीन माणसं घेऊन उत्तर इराकमध्ये येतो, एका हॉटेलात बसतो, हॉटेलखाली स्फोटकं लावलेली, आणि मार्शलला निरोप जातो. मागणी एकच. मार्शलने स्वतःच्या डोक्यावर पोतं घालून, कॅमेऱ्यासमोर, बाहेर चालत जायचं. मार्शल येतो तो लहान मुलांना घेऊनच. पोलात मुलांकडे बघतो आणि माघार घेतो. सिनेमा म्हणून हा सीन जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघताना मी पण श्वास धरून बघितला.

पण त्या एका मागणीने काय केलं बघा. किरकुक गेलं, गव्हर्नर गेला, १ मार्चची तीन मतं गेली, ते अकरा जण त्या ऑफिसात नक्की काय काम करत होते हा प्रश्न गेला. उरलं फक्त पोतं. माहितीच्या लढाईची इज्जतीची लढाई झाली, आणि इज्जतीच्या लढाईत दोनच पक्ष लागतात, ज्याची गेली तो आणि ज्याने घेतली तो. तिसऱ्याला जागाच नाही.

दुसरी गोष्ट भूगोलाची. पिक्चरमध्ये लग्नात गोळीबार होऊन माणसं मरतात. तशी बातमी खरी होती, १९ मे २००४, पण मुकारादीबला, सीरियाच्या सीमेजवळच्या वाळवंटात, कुर्द भागापासून कितीतरी लांब. कैद्यांनी भरलेला कंटेनर, आत हवा नाही म्हणून सैनिक बाहेरून गोळ्या मारून भोकं पाडतो. हे वर्णन २००१ च्या अफगाणिस्तानमधून आलंय, दश्त-ए-लैलीच्या बातम्यांमधून. पिक्चरमध्ये दिसणारा अबू घ्रेब तुरुंग बगदादजवळचा. सगळ्या देशाचं, आणि शेजारच्या देशाचंही दुःख उचलून कुर्दांच्या जमिनीवर आणून ठेवलं. ते दुःख खोटं नाही, ज्यांचं होतं त्यांना तर नाहीच नाही. पण मग त्या जमिनीचं स्वतःचं जे होतं, हलब्जा, १६ मार्च १९८८, एका दुपारी विषारी वायूने मेलेले पाच हजारांपर्यंत लोक, अन्फालमध्ये, म्हणजे सद्दामच्या कुर्दांविरुद्धच्या लष्करी मोहिमेत पुसली गेलेली गावं, ते गोष्टीच्या मध्यावर कुठेच नाही. कुर्द नेता दिसतो तो अमेरिकनांच्या बाजूचा, विकला गेलेला. आणि हे ज्या महिन्यात पडद्यावर आलं त्या महिन्यात सुलेमानियाचे जलाल तालाबानी हे इराकचे राष्ट्राध्यक्ष होते, एप्रिल २००५ पासून.

गंमत नाही, कुर्दांकडे स्वतःच्या गद्दारासाठी फार कडवट शब्द आहे. जाश. म्हणजे गाढवाचं शिंगरू. सद्दामच्या बाजूने बंदूक घेतलेल्या कुर्दाला म्हणायचे. त्यात किती जण पोटासाठी होते, किती गाव वाचवायला, किती जण दिवसा जाश आणि रात्री पेशमर्गांना खबर देणारे, आणि १९९१ च्या उठावात यातलेच कितीतरी जण बंदुकीसकट फिरले. हेरकथा लिहायची तर ही आहे की हो! याच्यापुढे सूट घातलेला हिरो फिका आहे.

आणि फक्त तुर्कस्तानला का बोलायचं, आपल्याकडे पण तेच. २०१४ मध्ये तिक्रितच्या हॉस्पिटलमधल्या ४६ भारतीय नर्स, बहुतेक केरळच्या, आयसिसच्या तावडीत सापडल्या. त्यांना मोसुलला नेलं, ४ जुलैला सोडलं, आणि एर्बिल विमानतळावरून एअर इंडियाच्या खास विमानाने आणलं, ५ जुलैला सकाळी ते विमान मुंबईत इंधनासाठी थांबलं आणि मग कोचीला गेलं. त्यावरून सुचलेला ‘टायगर जिंदा है’ २०१७ ला आला, त्यात गोळीबार करून सोडवतात. प्रत्यक्षात वाटाघाटी होत्या आणि सुटकेचा रस्ता कुर्दांच्या शहरातून जात होता. आपल्याला गोळीबार आठवतो, एर्बिल नाही.

सुलेमानियात एक इमारत आहे, अम्ना सुराका, लाल सुरक्षा इमारत. सद्दामच्या गुप्तचरांचं तिथलं मुख्यालय. मार्च १९९१ मध्ये लोकांनी आणि पेशमर्गांनी लढून ती घेतली, भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात, आता संग्रहालय आहे. आत एक बोळ आहे, त्याच्या भिंतींना आरशाचे १,८२,००० तुकडे लावलेत, अन्फालमधल्या एकेका माणसासाठी एकेक, आणि छताला उद्ध्वस्त झालेल्या गावांसाठी हजारो बारीक दिवे. त्या उठावात अशा ऑफिसांमधून कुर्दांच्या हाती इतके सरकारी कागद लागले की पुढे अभ्यासासाठी अमेरिकेला पाठवलेल्यांचं वजनच १८ टन भरलं. कोण कुणाला भेटला, कुणाचा भाऊ डोंगरात गेला, कुणाचं घर पाडायचं, सगळं शिक्का मारून. ज्या शहरातल्या लोकांनी हेरगिरी अशी फाईलमध्ये बघितलीय, त्याच शहरातलं ते तुर्की ऑफिस, आणि त्या शहरातल्या माणसाला या पिक्चरमध्ये एक धड संवाद मिळत नाही.

पुढेही थांबलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये पीकेकेने सुलेमानियाकडच्या ‘दुकान’ नावाच्या भागात तुर्की गुप्तचर खात्याचे दोन मोठे अधिकारी पकडले, चिडून तुर्कस्तानने पीयूकेच्या अंकारातल्या प्रतिनिधीला देशाबाहेर काढलं. जुलै २०१९ मध्ये एर्बिलच्या एका रेस्टॉरंटमध्ये तुर्की वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. आणि १५ जानेवारी २०२४ च्या रात्री इराणने एर्बिलवर क्षेपणास्त्रं टाकली, सांगितलं की मोसादचा अड्डा उडवला. पडलं ते एका बांधकाम व्यावसायिकाचं घर. तो गेला, आणि त्याची वर्षाचीही न झालेली मुलगी गेली. इराकचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कासिम अल-अराजी स्वतः त्या घरी जाऊन आले आणि म्हणाले की इथे मोसादचा अड्डा होता या म्हणण्याला काही आधार नाही.